आडव्या रेघा

३ फेब्रुवारी

सरांनी शेवटी हो म्हटलं. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं केलं. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाचे ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखालची, आणि कितीतरी दिवस आमचं एकाच गोष्टीवरून वाजतंय. श्वासाच्या यंत्रावरच्या प्रत्येक मुलाचा रोज सकाळी छातीचा एक्सरे काढायचा, ही त्यांची पद्धत. पोर नळ्यांनी जखडलेलं असतं. त्याला उचलायचं, पाठीखाली थंडगार पाटी सरकवायची, त्यात एखादी नळी निसटली की सगळ्यांची पळापळ. मी म्हणते, सोनोग्राफीचं यंत्र पलंगापाशी न्या, छातीवर जेल लावा, फुप्फुस समोर दिसतं. किरण नाहीत, उचलाउचल नाही. हवं तर दिवसातून तीनदा बघा.

"ठीक आहे, कर तुझं," सर म्हणाले. "रोजचा एक्सरे बंद. तुला गरज वाटली तरच काढायचा. पण यंत्र कोणीही धरो, तू शेजारी उभी पाहिजेस."

"अर्थातच सर."

यात अट घालण्यासारखं काय होतं कोण जाणे. मी काय घरी बसून बघणार आहे?

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. मी प्रत्येक फुप्फुसाला गुण देणार हे ऐकून म्हणाला, "वा, म्हणजे आता तूही नंबर काढणार." तो माझ्या कामाचं गांभीर्य असंच ठेवतो.

५ फेब्रुवारी

आज शिकवणी घेतली. मुलं भरपूर, शिकाऊ डॉक्टर एकच. मी काहीही म्हटलं की "हो मॅडम". होयबा असतात तशी ही होयबाई. पण हात हलका आहे तिचा. झोपलेल्या पोराच्या छातीवर यंत्राचा दांडा असा ठेवते की पोर चुळबूळही करत नाही. हे शिकवून येत नाही, मलाही यायला वर्षं लागली.

तिला सांगितलं, छातीचे दोन्ही बाजूंचे ठरलेले भाग करायचे आणि एकेक बघायचा. हवेनं भरलेलं फुप्फुस पडद्यावर आडव्या रेघा दाखवतं, त्याला शून्य. पाणी साठायला लागलं की वरून खाली पांढरे पट्टे येतात, मग एक किंवा दोन. भाग अगदी घट्ट झाला, यकृतासारखा दिसायला लागला की तीन. सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज उतरली तर मूल सुधारतंय.

"आणि सगळ्यांत आधी?" मी विचारलं.

"फुप्फुसाची कड श्वासाबरोबर हलतेय का ते बघायचं, मॅडम."

"आणि हलत नसेल तर?"

"फुप्फुस फुटून बाहेर हवा साठली असेल."

"तेव्हाही आडव्या रेघाच दिसतील. फसशील. म्हणून आधी हालचाल, मग रेघा."

"हो मॅडम."

९ फेब्रुवारी

खिडकीजवळच्या पलंगावर नवी मुलगी आली. चार वर्षांची, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, उजवं जास्त खराब. आल्या आल्या श्वासाच्या यंत्रावर टाकावी लागली. आई शाळेचे गणवेश शिवते. बाप नाही, म्हणजे आहे, पण त्याचं नाव काढलं की ती दुसरीकडे बघते.

"नाव काय हिचं?" मी कागद न बघता विचारलं.

"नाव आहे तिथं लिहिलेलं. पण आम्ही गोटी म्हणतो," ती म्हणाली. "एका जागी थांबतच नाही हो. मशीनवर बसले की पायाखालून निघून जाते. तिला असं निजलेलं मी पहिल्यांदा बघतेय."

मी तिला पडदा दाखवला, सगळं समजावून सांगितलं. पांढऱ्या पट्ट्यांकडे ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उसवून पुन्हा शिवता येत असतं तर बरं झालं असतं."

ही मुलगी माझ्या पद्धतीला अगदी योग्य आहे. अशीच हवी होती. हे लिहिल्यावर वाचायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

११ फेब्रुवारी

यंत्राची साठवण भरली. बघते तर होयबाईनं प्रत्येक भागाची हलती चित्रफीत काढून ठेवलेली. एकेका मुलाचा सिनेमाच. मी चांगलीच बोलले. म्हटलं, "बघताना हालचाल बघ, ठेवताना एक स्थिर चित्र ठेव. गुण द्यायला तेवढं पुरतं."

"हो मॅडम."

"आणि रडू नकोस आता."

रडत नव्हती म्हणे, डोळ्यात जेल गेलं होतं. असेल.

१३ फेब्रुवारी

मार्चमधल्या परिषदेत माझं भाषण मंजूर झालं! मोठ्या सभागृहात. आजवर तिथे आमच्या इस्पितळातून फक्त सर बोललेत. त्यांना सांगितलं तेव्हा "छान" म्हणाले आणि हातातला पेन उघडून पुन्हा बंद केला. पोटात दुखलं असणार. दुखू दे.

आकडे गोळा करायचे, आलेख काढायचे, डोक्यावर कामाचा डोंगर आहे. होयबाईचा हात आता बसलाय. उद्यापासून ती चित्रं काढून फोनवर पाठवेल, मी माझ्या खोलीत बसून गुण देईन. त्यात फरक काहीच पडत नाही. चित्र तेच, डोळे माझेच. उलट पलंगाशी दहा जण दहा प्रश्न विचारतात, खोलीत डोकं शांत असतं.

नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या." दुकानात बसून काचा घासणाऱ्यानं हे म्हणावं!

१५ फेब्रुवारी

लेकीची पोहण्याची स्पर्धा होती. जाणार होते, खरंच जाणार होते, पण आलेखांनी दिवस खाल्ला. नवऱ्यानं फोटो पाठवला. टोपी घातलेली, पाण्यातून वर आलेली, छान हसतेय. मी लगेच "शाब्बास माझी मासोळी" असं पाठवलं.

घरी आले तर ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली. नवरा म्हणाला, शेवटून पहिली आली, घरी येईपर्यंत रडत होती.

"फोटोत तर हसत होती," मी म्हटलं.

"मी हस म्हटलं म्हणून हसली. अर्ध्या सेकंदासाठी."

मग आधी सांगायचं ना. माझ्यावरच उलटायचं सगळं.

१७ फेब्रुवारी

गोटीची बेरीज झपाट्यानं उतरली. उजवीकडचे वरचे भाग, जिथे परवापर्यंत पांढरे पट्टेच पट्टे होते, तिथे आज स्वच्छ आडव्या रेघा. शून्य, शून्य. आलेख असा खाली आलाय की भाषणात हाच पहिला दाखवणार. खुर्चीतून उठून एक गिरकी मारली मी. कोणी बघितलं नाही.

दुपारी होयबाईचा फोन आला. "मॅडम, उजवीकडे वर ती कड जरा... हलत नाहीये असं वाटतंय. तुम्ही येता का?"

"झोपेचं औषध वाढवलंय ना तिचं? श्वास उथळ असेल. रेघा आडव्याच आहेत ना?"

"हो मॅडम."

"मग झालं तर. शून्य लिही."

"हो मॅडम."

संध्याकाळच्या फेरीला सर गोटीपाशी अडले. प्राणवायू सकाळपेक्षा थोडा वाढवावा लागला होता. त्यांनी ते जुनं स्टेथोस्कोप लावलं, बराच वेळ ऐकलं. "उजवीकडे आवाज कमी वाटतोय. एक एक्सरे काढूया."

"सर, उजवीकडे न्यूमोनियाच आहे. आवाज कमीच असणार. आणि बेरीज तर उतरलीय," मी आलेख समोर धरला.

"तू स्वतः बघितलंस?"

"हो सर."

बघितलंच होतं की. होयबाई सरांच्या मागे उभी होती, खाली बघत. सर गेले पुढच्या पलंगाकडे. एक्सरे काढला नाही. मी जिंकले असं वाटलं तेव्हा. इथे लिहायला हरकत नाही, फार गोड वाटलं.

१८ फेब्रुवारी

सकाळी सभागृहात भाषणाची तालीम करत होते. फोन बंद होता. शिपाई धावत आला.

मी पोचले तेव्हा गोटीच्या छातीवर होयबाईचे हात होते, ती दाबत होती, मोजत होती. गोटीचा रंग शिशासारखा. सरांनी उजव्या बरगड्यांमध्ये सुई घातली आणि हवा फुस्सकन बाहेर आली. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकली. मग हळूहळू ठोके आले. पण त्याआधी बराच वेळ ते नव्हते. किती वेळ, ते कोणी मोठ्यानं म्हणालं नाही.

फुप्फुसाला छिद्र पडलं होतं. बाहेर हवा साठत गेली आणि तिनं फुप्फुस दाबलं, शेवटी हृदयही दाबलं. कालपासून.

खोलीत जाऊन कालची चित्रं उघडली. सुरेख, स्वच्छ, आडव्या रेघा. चित्रात काही चूक नाही. कोणालाही दाखवा, शून्यच देतील. कड हलतेय की नाही हे चित्रात कसं दिसणार? थांबलेलं चित्र हलत नाही. हे मीच शिकवलं होतं. मीच.

बेसिनमध्ये उलटी झाली.

१९ फेब्रुवारी

आज स्वतः बघितलं. छातीत नळी घातल्यावर उजवी कड हलायला लागली आहे, मुंग्यांची रांग चालावी तशी. खूप वेळ बघत बसले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, जेल सुकलं."

आई बाहेरच्या बाकावर होती. मला बघून उभी राहिली. "धोका टळला ना?"

"फुप्फुस उघडलंय."

"देवासारख्या आहात तुम्ही सगळे."

मी मान हलवली आणि पुढे गेले.

२० फेब्रुवारी

नवऱ्यानं विचारलं, "चूक कोणाची?"

म्हटलं, "अशा गोष्टीत एकाची चूक नसते. पद्धतीची असते."

"पद्धत कोणाची?"

मी उठून आत गेले. याला चष्म्याचा नंबर सोडून सगळं कळतं.

पण झोप येत नाही हे खरं. डोळे मिटले की त्या रेघा दिसतात. मी वाईट डॉक्टर नाही. वाईट डॉक्टरला उलटी होत नाही.

२२ फेब्रुवारी

उद्या बैठक आहे. काय झालं, का झालं, सगळ्यांसमोर. होयबाई खोलीत आली. डोळे सुजलेले, एप्रनची बटणं वरखाली लावलेली. मला तिची कीव आली. म्हटलं, "बस. चहा घे. हे बघ, बैठकीत घाबरायचं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. फार फाटे फोडू नकोस, गुंता वाढतो आणि मग तुलाच त्रास होतो. तुझं शिक्षण पुरं व्हायचंय अजून, प्रमाणपत्रावर सही माझी लागणार आहे. मी आहे ना."

"हो मॅडम."

"कळलं ना मी काय म्हणतेय?"

"हो मॅडम. कळलं."

चहा तिनं घेतला नाही. कप तसाच ठेवून गेली. तरी बोलले ते बरं झालं, पोरीला धीर आला असेल.

२३ फेब्रुवारी

बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांची तोंडं अंत्यविधीला आल्यासारखी.

सरांनी होयबाईला विचारलं, "सतरा तारखेला दुपारी यंत्र तू धरलंस. कड हलत होती?"

तिनं माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मला वाटलं आता सांगेल. फोन केला होता, मॅडम आल्या नाहीत.

"मी नीट बघितलं नाही सर," ती म्हणाली.

"कोणाला शंका सांगितली होतीस?"

"नाही सर."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बोलायचं होतं, शपथेवर सांगते. वाक्य तयार होतं. पण सर लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळले आणि मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं.

घरी येताना मला तिचाच राग येत होता. खरं का नाही बोलली? कोणी धरलं होतं तिला? एवढ्या मोठ्या गोष्टीतही हो ला हो. अशानं ही पुढे डॉक्टर म्हणून काय करणार? एवढासा कणा नको का माणसाला?

२५ फेब्रुवारी

होयबाईला विभागातून काढलं. आजच.

मन खाऊ लागलं म्हणून सरांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. म्हटलं, "सर, त्या दुपारी तिनं मला फोन..."

सरांनी हात वर केला. "बस."

बसले.

"तू काय सांगायला आलीस ते मला ऐकायचं नाही," ते म्हणाले. "मी त्या संध्याकाळी तुला विचारलं, तू हो म्हणालीस, आणि मी एक्सरे न काढता पुढे गेलो. ही साखळी ओढायला लागलो तर ती तुझ्यापाशी थांबणार नाही. माझ्यापर्यंत येईल. मग हा विभाग कोण चालवणार? खाटा भरलेल्या आहेत. एक शिकाऊ मुलगी गेली, तरुण आहे, दुसरीकडे लागेल."

"पण सर..."

"तुला झोप लागत नाही, मलाही नाही. काम कर. नवे नियम तूच लिही, तुझ्याइतकं कोणाला कळतं त्यातलं?"

बाहेर आले तेव्हा पाय हलके झाले होते. मी सांगायला गेले होते. त्यांनीच ऐकलं नाही. माझ्याकडून मी केलं.

२६ फेब्रुवारी

ती कपाट रिकामं करत होती. चपला, एक डबा, केसांची क्लिप, अर्धं वापरलेलं हाताचं क्रीम. मी दारात उभी राहिले.

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही मॅडम."

तिच्या तोंडून "नाही मॅडम" मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ती पिशवी उचलून माझ्या बाजूनं निघून गेली, अंगाला अंग लागू न देता.

४ मार्च

नवे नियम लागू झाले. प्रत्येक भागाची हलती चित्रफीत ठेवायची, स्थिर चित्रावर गुण द्यायचे नाहीत, मोठ्या डॉक्टरनं पलंगाशी उभं राहायचं. खाली माझं नाव आहे. बाहेरचे दोन विभाग मागून घेऊन गेले. सिस्टर म्हणाल्या, "छान लिहिलंत मॅडम, अगदी अनुभवातून." टोमणा होता की कौतुक ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

गोटीची श्वासाची नळी काढली. स्वतःचा श्वास स्वतः घेतेय. फुप्फुसं उत्तम. पण डोळे उघडे आणि बघत कुठेच नाहीत. आई कानाशी बोलत राहते, गणवेशांचं, मशीनच्या सुईचं, शेजारच्या मांजराचं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, वाट बघू. ते ज्या सुरात वाट बघू म्हणतात तो मला माहीत आहे.

१२ मार्च

भाषण झालं. गोटीचा आलेख काढून टाकायचा विचार होता, पण मग बेरजा जुळेनात. ठेवला. नावाविना, फक्त आकडा. आणि शेवटी एक सावधगिरीचा मुद्दा घातला की स्थिर चित्रावर विसंबू नये. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी येऊन हात धरला, "स्वतःच्या चुका इतक्या मोकळेपणानं कोण सांगतं!" मी म्हटलं, "आमच्याकडे एका शिकाऊ डॉक्टरकडून झालं होतं." तोंडातून गेलं. पटकन गेलं.

नवरा आणि लेक न्यायला आले होते. परत येताना गाडीत लेक म्हणाली, "आई, मी पोहणं सोडतेय." मी "बरं" म्हटलं. नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. काय चुकलं माझं, सक्ती केली असती तर बोलला असता.

१९ मार्च

गोटीच्या आईला आज सगळं सांगितलं गेलं. सर बोलले, मी शेजारी बसले होते. शिकाऊ डॉक्टरच्या लक्षात आलं नाही, आम्हाला अत्यंत खेद आहे, तिला काढून टाकलं आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. बोटावर सुईच्या टोचण्याच्या जुन्या खुणा आहेत, त्याच एकेक चोळत राहिली.

"ती हडकुळी मुलगी का? हळू हात लावायची ती?"

"तीच," सर म्हणाले.

"मला वाटायचं फार मायेनं करते." मग म्हणाली, "ती रोज गोटीला सांगून हात लावायची. आता गार लागेल हं, म्हणायची."

मी कागद नीट करत बसले. कागद नीटच होते.

२८ मार्च

गोटी आज घरी गेली. नाकातून नळी, मान एका बाजूला, आईच्या खांद्यावर. एका जागी थांबलेली. आईनं तिच्यासाठी नवा झगा शिवला होता, बटणं पाठीमागे न लावता पुढे लावलेली, म्हणजे घालायला सोपा. असला झगा बाजारात मिळत नाही, शिवणारीलाच सुचतो. तो बघून मला तिथे उभं राहवेना.

"मॅडम, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगाल म्हणून तुम्हाला विचारते."

"विचारा."

"ती मुलगी आता कुठे आहे?"

"माहीत नाही."

"तिला पुन्हा कुठल्या पोराजवळ जाऊ देऊ नका. माझं झालं ते झालं. पण दुसऱ्या कुठल्या आईचं नको. तुमच्या हातात आहे ना ते? सरांना मी नाही सांगू शकत, ते मोठे. तुम्ही बाई आहात, तुम्हाला पोर आहे. शब्द द्या मला."

मी तिच्या मुलीकडे बघत होते. छाती दोन्ही बाजूंनी सारखी वरखाली होत होती, इतकी छान.

"दिला," मी म्हणाले.

तिनं मोकळ्या हातानं माझा हात दाबला. खरखरीत हात. रिक्षा येईपर्यंत सोडला नाही.

हे लिहिताना मला स्वतःची किळस येतेय. उद्या सकाळी होयबाईचा नंबर शोधते. तिला भेटायचं, मग त्या आईकडे जायचं. ठरलं.

२९ मार्च

आज जमलं नाही. तीन नवी मुलं आली. एक्सरे, सोनोग्राफी, सगळं करवून घेतलं, पलंगाशी उभी राहून.

३ एप्रिल

होयबाईचा नंबर सापडला. फोनमध्येच होता, कुठे शोधायचा होता? उद्या करते. नक्की.

११ एप्रिल

आज एक फोन आला. दुसऱ्या एका मुलांच्या इस्पितळातल्या प्रमुख डॉक्टरीणबाई. आवाज ओळखीचा वाटला, मग आठवलं, परिषदेत हात धरणाऱ्या त्याच. आधी माझ्या भाषणाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडची एक मुलगी आलीय आमच्याकडे मुलाखतीला. आम्हाला आवडली. हात फार छान आहे तिचा. पण तुमच्याकडून मध्येच का निघाली विचारलं तर 'मी चुकले' एवढंच सांगते, पुढे बोलतच नाही. तुमच्या हाताखाली होती म्हणून तुम्हालाच विचारते. कशी आहे?"

"मेहनती आहे," मी म्हणाले. खरं तेच म्हणाले.

"लक्ष असतं का कामात?"

मी खिडकीजवळच्या पलंगाकडे बघितलं. तिथे आता एक तान्हं बाळ आहे. माझ्या डोक्यात एकाच वेळी सगळं आलं, तिचा फोन, माझं उत्तर, सरांचा वर केलेला हात, त्या आईला दिलेला शब्द. कुठून सुरुवात करावी कळेना. आणि बाई तर ओळखीच्याही नाहीत फारशा.

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"परिषदेत तुम्ही म्हणाला होतात ती शिकाऊ डॉक्टर... हीच का?"

मी गप्प राहिले.

"समजलं," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्हाला विचारलं. आभारी आहे हं." आणि फोन ठेवला.

मी तिच्याविरुद्ध एक शब्दही बोललेले नाही. हे इथे लिहून ठेवते.